आप्पांनी आणलेले जंत

माझ्या पीएचडीचं पहिलं दीड वर्ष वाया गेलं ते तांब्याभर गरम पाण्यामुळे. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, मीही हसू देते. मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते तिथे जंतांचा धडा कुणाचाच लाडका नाही. चपटे, पानासारखे, धड डोकं नाही, पाय नाहीत, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या आतड्यात नाहीतर यकृतात मुक्काम. अशा जिवाबद्दल कुणाला माया वाटावी अशी माझी अपेक्षाही नाही. मला ती वाटते, तो माझा प्रश्न. पण ते पाणी कुणी ओतलं, हे मी मुलांना कधी सांगितलेलं नाही.

ते माझ्या वडिलांनी ओतलं. त्यावरून मी त्यांना एक वाक्य बोलले, आणि ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. आज घेऊ, उद्या घेऊ, करत राहिले आणि आप्पा गेले.

आम्ही मानखुर्दला राहत होतो. आप्पा मूळचे परभणीकडचे. विशीत मुंबईला आले आणि पाणी खात्यात चावीवाले म्हणून चिकटले. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, माणसाच्या उंचीच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं सुरू. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पाइपाला हात लावून पाण्याचा दाब सांगायचे, मनगट बुडवून पाणी किती तापलंय ते सांगायचे, आणि या दोन्ही बाबतींत त्यांना कुणी शिकवलेलं खपायचं नाही. मी लहान असताना माझ्या आंघोळीची बादली त्यांच्या मनगटाने पास केल्याशिवाय माझ्या अंगावर पाणी पडत नसे. आई वैतागायची, "पोरीला न्हाऊ घालताय की चहा टाकताय?" आप्पा मनगट पुसत म्हणायचे, "गार पाण्यानं लेकरू आजारी पडतं." कढत पाण्यानेही लेकरू रडतं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

आमच्या घराची एक शपथ होती. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं. पिढ्यान् पिढ्या माथी मारलेलं काम ते. गावाने त्यांचं पाणी बंद केलं, किराणा बंद केला, रानातून जायची वाट बंद केली. आजोबा हटले नाहीत. मुलांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, या घरातला हात पुन्हा मेल्या जनावराला लागणार नाही. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की शाळेतल्या कवितेसारखी पाठ होती. ती सांगताना आप्पा नेहमी ताठ बसायचे, पाठीला भिंत असली तरी टेकायचे नाहीत.

आणि त्यांच्याच लेकीने संशोधनाला विषय घेतला पर्णकृमींचा, जे मिळतात कापलेल्या बकऱ्यांच्या यकृतात. पार्ल्याच्या कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय सुचवला तेव्हा मला आजोबा आठवलेसुद्धा नाहीत. बस्स, विषय झकास होता, एवढंच मला कळलं.

तो अजूनही झकास वाटतो. या किड्याचं अंडं बकरीच्या लेंडीतून पाण्यात पडतं. त्यातून बाहेर पडलेलं पिल्लू काही तासांत गोगलगाय शोधून तिच्यात शिरतं, नाही मिळाली तर मरतं. गोगलगायीत त्याची संख्या वाढते, रूप बदलतं. मग पुन्हा पाण्यात, पाण्यातून काठच्या गवतावर, तिथे कवच करून उन्हात तापत पडून राहायचं. कुठली तरी बकरी ते गवत खाते. आता बकरीच्या पोटातलं आम्ल, अंधार आणि एकदम एकोणचाळीस अंशांची ऊब. तिथून आतड्याला भोक पाडून यकृतात. एका जन्मात एवढी घरं बदलायची, आणि दर घराचं हवापाणी वेगळं. दुसरा कुठलाही जीव एवढ्यात संपला असता. हा तगतो कसा, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता.

उत्तराचा एक भाग ताण-प्रथिनं हा आहे. मी ते घरी समजावून सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि आप्पा निवृत्त होऊन दोनेक महिने झाले होते. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले होते, करमत नसलेल्या माणसाच्या उत्साहाने. मी सांगितलं की शरीरातली प्रथिनं म्हणजे नीट घड्या घातलेल्या लांबलचक साखळ्या. घडी जागेवर असेल तरच काम चालतं. उष्णता वाढली की घडी विस्कटते. अंडं उकडलं की आतलं पांढरं पडतं ते यामुळेच, आणि उकडलेलं अंडं काही परत कच्चं होत नाही. पण जिवंत पेशीत ताण आला की काही प्रथिनं भराभर तयार होतात, विस्कटणाऱ्या घड्या धरून ठेवतात, सुटलेल्या पुन्हा घालायला मदत करतात. या किड्याने घर बदललं की तो हीच प्रथिनं वाढवतो, त्यांच्या जोरावर ते पहिले काही तास काढतो.

आप्पांनी विचारलं, "तळ्याकाठची बकरी जबड्याखाली सुजती, ती या किड्यानं होय?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मी बकऱ्याच राखल्या ना माय. आमचा म्हातारा म्हणायचा, तळ्याकडं नेऊ नको. कामून ते काई सांगायचा नाई." मग त्यांनी विचारलं, "ही धरून ठेवणारी प्रथिनं माणसात असतात का?"

"असतात. सगळ्यांत असतात. झाडातसुद्धा."

"मी दादरला उतरलो तवा कुठं गेली होती मग?"

"मी होते ना," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

"तू नंतर आली. पहिले चार वर्षं कोण होतं?"

आई म्हणाली, चार वर्षं तुम्ही उसळपाव खाऊन तगलात, आता गप्प बसा. आप्पा खूश झाले. त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, चला, आता निदान एक माणूस माझ्या विषयावर प्रश्न विचारणारं मिळालं. मॅडमसुद्धा इतके चांगले प्रश्न विचारत नसत.

कत्तलखाना आमच्या घरापासून जवळ होता. कॉलेजचं पत्र, परवानगीचा कागद, तिथल्या पशुवैद्य डॉक्टरांचा होकार असं सगळं जमवून मी एका गुरुवारी सकाळी निघाले. गुरुवारच, कारण प्रयोगशाळेतलं यंत्र त्या दिवशी माझ्या वाट्याला असायचं. हातात स्टीलचा फ्लास्क, त्यात मोजून मीठ घातलेलं अडतीस अंशांचं पाणी. आप्पा म्हणाले, एकटी कशाला जाती, मी येतो. आले, पण फाटकाशी थांबले. मी आत गेले.

डॉक्टर सभ्य माणूस होते. तपासणीत बाद झालेली कलेजी त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. पित्ताची नळी त्यांनी चिरली आणि आतून पर्णकृमी बाहेर आले, करड्या रंगाचे, कडा हळूहळू हलवत. बाटल्यांत वर्षानुवर्षं मेलेले पाहिलेले, आणि हे हलत होते. मी बहुतेक "किती छान" असं काहीतरी बोलले, कारण डॉक्टर हसले. पाचसहा जण फ्लास्कमध्ये सोडून झाकण लावेपर्यंत मी ठीक होते. मग वास आला. म्हणजे वास आधीपासून होताच, माझ्यापर्यंत तो तेव्हा पोचला. बाहेर येऊन भिंतीशी ओकले. आप्पांनी बाटलीतलं पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि माझ्या हातातला फ्लास्क स्वतःकडे घेतला.

पुढच्या गुरुवारी मी उठले तर ते शर्ट घालून तयार.

"तू घरी थांब माय. मी आणतो."

"आप्पा, आत जावं लागतं."

"मला ठाऊक हाय."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आता वाटतं, हो. तेव्हा मला हायसं वाटलं. पंचविशीतल्या माणसाला स्वतःचं काम झालं की पुरे असतं.

मग तो क्रमच झाला. आप्पा उजाडताना जायचे, तासाभरात परत यायचे. तोवर माझी आंघोळ, वेणी. मग आम्ही दोघं बसथांब्यावर जायचो. पार्ल्याला जाणारी बस येईपर्यंत फ्लास्क त्यांच्याकडे. फ्लास्क ते नुसता हातात धरत नसत, शर्टाच्या आत, छातीशी धरत. भर मेमध्येसुद्धा. बस दिसली की आधी शर्टाची वरची दोन बटणं काढायची, मग फ्लास्क माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हळू ने." कंडक्टरला एकदा वाटलं की दूध आहे. आप्पांनी सुधारलं नाही. "हो, लेकराचं हाय," म्हणाले.

मला आप्पांची आठवण रोज येते असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. घर, कॉलेज, पेपर तपासणं, यात दिवस जातो. पण गुरुवारी येते. गुरुवारी सकाळी मी जिथे असेन तिथे मला तो थांबा हवासा वाटतो, आणि शेजारी शर्टात फ्लास्क घातलेला माणूस हवासा वाटतो.

वस्तीत बोलणं झालंच. कत्तलखान्याच्या बाजूने दर गुरुवारी येताना दिसतात म्हटल्यावर लोक काय गप्प बसणार. विहारात एकाने सगळ्यांदेखत विचारलं, काय, वडिलांनी सोडलेलं तुम्ही पुन्हा धरलं वाटतं? आप्पा म्हणाले, "लेकीचं शिक्षण हाय." एवढंच. हे मला आईने सांगितलं, आणि तेही बऱ्याच महिन्यांनी.

इकडे प्रयोगशाळेत माझी वाट लागली होती. प्रयोग सोपा होता. आणलेल्या जंतांचे दोन गट करायचे. एक गट अडतीस अंशांतच, त्याला काही त्रास द्यायचा नाही, हा कंट्रोल. दुसऱ्याला बेचाळीस अंशांचा चटका द्यायचा. मग दोन्हींतली प्रथिनं वेगळी करून फिल्मवर उमटवायची. ताण-प्रथिन जितकं जास्त तितका फिल्मवरचा पट्टा काळा. चटका दिलेल्यांचा पट्टा काळा आणि कंट्रोलचा फिका, असं दिसायला हवं. माझे दोन्ही काळे यायचे. दर वेळी. मी रसायनं बदलली, नवी बाटली मागवली, यंत्र धुतलं, दुसऱ्या मुलीकडून करवून घेतलं. तेच. मॅडम म्हणाल्या, परजीवी कायमच ताणात असतो, कदाचित याचं नेहमीचंच इतकं असेल. मी महिनाभर त्या कल्पनेवर तरंगत होते. मनात पेपरसुद्धा लिहून झाला.

मग एका गुरुवारी आमच्या नळाला पाणी आलं नाही. निवृत्त चावीवाल्याच्या घरात पाणी नाही, म्हणून आई सकाळपासून आप्पांना टोमणे मारत होती. माझी आंघोळ राहिली आणि मी स्वयंपाकघरात दारामागे बसून वेणी घालत होते. आप्पा आले. चपला काढल्या, थेट ओट्याशी गेले, फ्लास्कचं झाकण उघडलं. मनगट आत जाईना म्हणून दोन बोटं बुडवली, नापसंतीने मान हलवली. गॅसवर पिंपातलं पाणी तापत होतं. त्यातून तांब्या भरला. फ्लास्कमधलं थोडं पाणी सांडलं आणि तांब्यातलं आत ओतलं.

"आप्पा, हे काय करताय?"

"येईस्तोवर कोमट होतं माय ते. गार पडले तर मरतील."

"तुम्ही दर वेळी ओतता?"

"दर वेळी." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "नाईतर एवढ्या लांब पार्ल्याला जिवंत पोचले असते का?"

मी थर्मामीटर घातला. चव्वेचाळीस. मी ज्या बेचाळीसचा चटका जंतांना मुद्दाम देत होते त्याच्याही वर. शिवाय ते साधं पाणी, म्हणजे मोजलेल्या मिठाचंही वाटोळं. माझा कंट्रोल दीड वर्ष आमच्या ओट्यावर भाजून निघत होता, आणि जंत बिचारे सगळी ताकद लावून तगून राहत होते. फिल्म खोटं बोलत नव्हती. ती इतके दिवस मला हेच सांगत होती.

आता मला कळतं की चूक माझी होती. आणणाऱ्या माणसाला कंट्रोल म्हणजे काय ते मी सांगितलंच नव्हतं. प्रथिनांच्या घड्यांवर व्याख्यान दिलं होतं, पण 'झाकण उघडू नका' एवढं वाक्य बोलले नव्हते. फ्लास्कमध्ये पाणी किती आहे, पोचल्यावर किती अंश आहे, हे पार्ल्यात मोजायची तसदीही मी कधी घेतली नव्हती. आप्पांनी आणलंय म्हणजे बरोबरच असणार, हे मी धरून चालले होते.

पण त्या सकाळी मला हे काहीच सुचलं नाही. मी ओरडले. दीड वर्ष म्हणाले, अक्कल म्हणाले, विचारायचं तरी होतं म्हणाले. आप्पा तांब्या हातात तसाच धरून उभे होते. मग मी म्हटलं, "आजोबांनी हे काम सोडलं म्हणून मिरवता ना? बरं झालं सोडलं. तुम्हाला जमलंच नसतं."

आई म्हणाली, "ए."

आप्पांनी तांब्या ओट्यावर ठेवला. फ्लास्कचं झाकण घट्ट लावलं, फडक्याने फ्लास्क पुसला, माझ्यापुढे ठेवला. "बरं," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी थांब्यावर मी एकटी गेले.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा शर्ट घालून तयार होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "नको. मी दुसरीकडून बघते." राग तोवर गेलेला होता. लाज उरली होती, आणि लाजेपेक्षा रागाच्या आवाजात बोलणं मला सोपं वाटलं.

दुसरीकडून म्हणजे खारदांड्याच्या कोळीवाड्यातून. मॅडमनी मार्ग काढला: बकरी सोडा, मासे घ्या. खाडीतल्या बोयटाच्या कल्ल्यांवरही चपटे कृमी असतात, अगदी बारीक, आणि खाडीचं पाणी कधी खारट कधी गोडसर होतं तेव्हा त्यांनाही तसाच ताण पडतो. मी पहाटे निघून खारदांड्याला जायला लागले. तिथल्या एका कोळीणबाईने मला पहिल्या दिवशी विचारलं, मासे घेऊन कल्ले तेवढे काढतेस आणि मासा मलाच परत देतेस, तुला काय वेड लागलंय काय गं? नंतर तीच माझ्यासाठी कल्ले राखून ठेवायची. काम किचकट होतं, ढीगभर कल्ले चाळावेत तेव्हा एका फिल्मपुरते किडे मिळत. पण कंट्रोलचा पट्टा फिका आला. पहिल्यांदा फिका पट्टा पाहिला तेव्हा मी प्रयोगशाळेत स्टुलावर बसून रडले. मॅडमना वाटलं आनंदाने.

प्रबंध पूर्ण झाला. वस्तीतली पहिली डॉक्टरेट म्हणून विहारात सत्कार झाला, आप्पांनी नवा शर्ट शिवला. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवत आभाराच्या पानावर आपल्याबद्दलची इंग्रजी ओळ शोधली आणि पान जपून मिटलं. त्या दिवशी मी म्हटलं, "आप्पा, ती गरम पाण्याची चूक माझीच होती. मी सांगायला हवं होतं."

"कोणतं पाणी?" आप्पा म्हणाले.

विसरले नव्हते. मला सोडवत होते. आणि मी सुटून घेतलं. पाण्याचं बोलून झालं, आजोबांचं राहिलं. त्याबद्दलची माफी ओठांवर यायची आणि मला वाटायचं, आता पुन्हा उकरून त्यांना कशाला दुखवायचं. हा विचार त्यांच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मुलुंडला नोकरी लागली, तिथेच खोली घेतली. रविवारी मानखुर्दला यायचे तर आप्पा विचारायचे, मुलं शिकतात का, जंत दाखवते का त्यांना. मी म्हणायचे, बाटलीतले दाखवते. "बाटलीतले मेलेले असतात," ते म्हणायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी छातीत कळ आली आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गेल्या वर्षी मी ठरवलं, मुलांना एकदा तरी जिवंत पर्णकृमी दाखवायचा. पत्र घेतलं, फ्लास्क घेतला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा त्या फाटकातून आत गेले. डॉक्टर तेच होते, केस पांढरे झालेले. मी मला काय हवं ते सांगितलं. त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मानखुर्दचे काका तुमचे वडील ना? पाणी खात्यातले? कसे आहेत? यायचे एकदम बंद झाले."

"गेले," मी म्हटलं. "पण त्यांचं येणं तर फार पूर्वीच थांबलं होतं. मी इथलं काम सोडलं तेव्हाच."

"छे हो. त्यानंतर तर कितीतरी वर्षं येत होते. दर गुरुवारी."

गुरुवारी मी पहाटेच खारदांड्याला निघालेली असे, पुढे तर मुलुंडलाच होते. आई म्हणायची, फिरायला जातात. मी डॉक्टरांना विचारलं, "कशाला यायचे?"

"शिकायला," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, डॉक्टर, माझ्या हातून लेकीचं नुकसान झालं, मला हे नीट शिकवा. मी माझ्याकडचा एक थर्मामीटर दिला. किती पाण्याला किती मीठ, ते त्यांनी लिहून घेतलं. मग दोनचार जंत फ्लास्कमध्ये घालायचे, बसथांब्यावर जायचे, बस येऊन जाईपर्यंत थांबायचे आणि परत इथे यायचे. माझ्यासमोर झाकण उघडून मोजायचे. जिवंत आहेत का ते मला बघायला लावायचे."

"किती यायचं?"

"आधी आधी चुकायचं. नंतर अडतीस. शेवटची वर्षं तर कायम अडतीस." डॉक्टर हसले. "मी म्हणायचो, काका, आता पुरे की. तर म्हणायचे, लेकीनं पुन्हा मागितले तर या टायमाला चुकायला नको."

त्यांनी कलेजी पुढे ओढली, पित्ताची नळी चिरायला सुरी हातात घेतली आणि थांबले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "मग मागितले का तुम्ही कधी?"

"नाही," मी म्हटलं.